मदत हवी आहे: बाबा इमर्जन्सीचं बटण गळ्यात घालतच नाहीत (नागपूर)

नमस्कार. आई-बाबा नागपुरात, त्रिमूर्तीनगरला, दोघंच असतात. बाबा ७८, आई ७३. मी पुण्यात, भाऊ बंगलोरला. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून शिफ्ट इन्चार्ज म्हणून रिटायर झाले.

मे महिन्यात भर दुपारी बाबा मागच्या अंगणात कूलरच्या टाकीत पाणी भरायला गेले. पाइप निसटला, फरशीवर पाणी झालं, पाय सरकला. कंबर अशी धरली की उठता येईना. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. आई आतल्या खोलीत झोपलेली आणि डोक्याशी कूलर. नागपूरकरांना सांगायला नको, त्या घरघरीत शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही. अख्खी गल्लीच कूलर लावून झोपलेली. पावणेदोन तास बाबा भिंतीच्या सावलीत पडून होते. चारला भांडेवाली बाई मागच्या दाराने आली तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

मी आठवड्याभरात ते गळ्यात घालायचं बटण घेऊन दिलं. आत सिमकार्ड असतं, तीन सेकंद दाबलं की ठरवलेल्या चार नंबरांना एकामागून एक फोन जातात, त्यातूनच बोलताही येतं. पहिला आठवडा घातलं. मग एका रात्री अडीचला कुशीवर वळताना ते दाबलं गेलं. मी झोपेत, भाऊ झोपेत, चौथा नंबर शेजारच्या काकांचा. काका बनियनवर धावत आले, दार बडवलं. बाबांनी डोळे चोळत दार उघडलं तर समोर काका, त्यांच्यामागे काकू, काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या.

त्या दिवसापासून बटण कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेलं आहे. विषय काढला की, "मी काय कार्पोरेशनचा बिल्ला लावलेला कुत्रा आहे का? तू तिकडे बसून काय माझ्यावर पहारा ठेवून राहिली?" आईचे गुडघे खरं तर बाबांपेक्षा वाईट आहेत, पण ती म्हणते, ते घालत नाहीत तर मी कशाला घालू.

रागावून झालं, रडून झालं, नातवाकडून बोलवून झालं. कोणाच्या घरी हे जमलं असेल तर कसं जमलं ते सांगा. बटणच हवं असा माझा हट्ट नाही.

खामल्याचा
ताई, आमच्याकडे आईने गळ्यातलं शेवटपर्यंत घातलं नाही. शेवटी साधी वायरलेस बेल लावली, दाराला लावतात तीच. बटण दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने भिंतीला लावायचं आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचं. सगळे लोक स्विचच्या उंचीवर लावतात. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचतो का? एक न्हाणीघरात, एक कूलरच्या मागे. वाजणारा डबा आईच्या उशाशी, कूलरपेक्षा मोठा आवाज होतो ना ते दुपारी लावून बघा. डबा प्लगचा असेल तर लाइट गेली की मुका होतो, तेव्हा सेलवर चालणारा घ्या किंवा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा.

आणि न्हाणीघराची आतली कडी काढून टाका. दार आत उघडणारं असेल तर सुताराला सांगून बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस दाराला टेकून पडला की आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आम्ही हे अनुभवातून शिकलो.

निवांत
कॅमेरे लावा. मोबाइलवर दिसत राहतं सगळं.

धागाकर्ती
@निवांत, बाबा त्यावर टोपी टाकतील. आणि त्यांचं चुकेल असंही मला वाटत नाही.

सुनबाई
पडलेलं ओळखणारं घड्याळ बघितलं का? बिल्ला नको म्हणणारी माणसं घड्याळ आनंदाने घालतात. अॅपलच्या घड्याळात सीरीज ४ पासून ही सोय आहे. जोरात पडल्यावर मिनिटभर हालचाल नसेल तर ते स्वतःहून इमर्जन्सीला फोन लावतं. पण भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलं, तर कळेलच असं नाही. शिवाय रोजचं चार्जिंग. आमच्याकडे घड्याळ चार्जरवर असतं तेव्हा सासरे नेमके आंघोळीला.

बाबांचा फोन बटणांचा असेल तर एक सांगते. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की इमर्जन्सी कॉल लागण्याची सोय द्यावी लागते. फोन खिशात हवा मात्र, चार्जिंगला नको.

बर्डी ते बंगलोर
ताई, एक विचारू? बटण दाबलं की पहिला फोन कोणाला जातो?

धागाकर्ती
मला. मग भावाला. मग आईला. मग काकांना.

बर्डी ते बंगलोर
म्हणजे बाबा अंगणात पडले तर आधी पुणे, मग बंगलोर, मग कूलरखाली झोपलेली आई, आणि वीस पावलांवरचे काका शेवटी! क्रम उलटा करा. काकांकडे घराची एक किल्ली द्या, नाहीतर ते दारच बडवत बसतील.

दुसरं, तुमच्या भावाने बंगलोरहून १०८ फिरवलं तर ते कर्नाटकातल्या कंट्रोल रूमला लागतं. ११२ चंही तसंच, फोन करणारा ज्या राज्यात आहे तिथे लागतो. मी स्वतः हे करून बसलोय, पलीकडचा माणूस कन्नडमध्ये पत्ता विचारतोय आणि मी प्रतापनगर, प्रतापनगर करतोय. घराजवळच्या अॅम्ब्युलन्सवाल्याचा दहा आकडी नंबर आजच सेव्ह करा, दोघांनीही.

आता बाबांचं. मला वाटतं त्यांना बटणाचा राग नाही, काकू तांब्या घेऊन उभ्या होत्या त्याची शरम आहे. अन् शिफ्ट इन्चार्ज राहिलेल्या माणसाला तुम्ही पेशंट करून टाकलं. कोराडीत कोणतीही यंत्रणा टेस्ट केल्याशिवाय त्यांनी ताब्यात घेतली असती का? त्यांनाच विचारा, ही यंत्रणा नीट चालते का हे कसं तपासायचं. काकांनाही त्यात घ्या, म्हणजे त्या रात्रीचा हिशेब आपोआप मिटेल.

धागाकर्ती
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी. सगळ्यांचे आभार.

बेल लागली. बाबांनी टेप नापास केली, ड्रिल मागवून स्क्रूने बसवली. न्हाणीघराची कडी निघाली, दार अजून आतच उघडतं, सुतार उद्या येतो म्हणून राहिलाय. क्रम बदलला, आता काका पहिले. फोनवर मी बाबांना एवढंच म्हटलं की हे यंत्र मला भरवशाचं वाटत नाही, तुम्ही बघता का. बराच वेळ गप्प. मग, "मॅन्युअल कुठे आहे?"

आता दर सोमवारी दहाला टेस्टिंग असतं. काकांना आदल्या दिवशी सूचना जाते. जुन्या डायरीत रकाने पाडलेत: तारीख, वेळ, कोणी उचलला, किती सेकंद, बॅटरी. अंगणाच्या कोपऱ्यात रेंज जाते हेही त्यांनीच शोधलं. म्हणजे मेमध्ये ते गळ्यात असतं तरी कदाचित फोन लागला नसता, हे मला आत्ता कळतंय.

गळ्यात अजूनही घालत नाहीत. टेस्टिंग झालं की सदऱ्याच्या खिशात राहतं, संध्याकाळपर्यंत तरी. आईसाठी दुसरं मागवायला त्यांनीच सांगितलं, तिच्या गुडघ्यांचा भरवसा नाही म्हणे.

परवाच्या सोमवारी मी मीटिंगमध्ये होते. दुपारी बाबांचा फोन: "काकांनी नऊ सेकंदांत उचलला. तुला एक्केचाळीस लागले. काय करून राहिली होती?"