एसी पळताना गार, सिग्नलला कोमट. पंख्याचं कोडं सुटत नाहीये (मदत हवी आहे)

मंडळी, पेट्रोल गाडी आहे, नऊ वर्षं जुनी. पळत असली की एसी मस्त. सिग्नलला तीन-चार मिनिटं थांबलं की कोमट हवा. झोतात थर्मामीटर खोचून बघितला: पळताना ८ अंश, थांबल्यावर २१. निघालो की परत उतरतो.

गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "गॅस कमी झालाय" म्हणून निदान केलं आणि गॅस भरून दिला. फरक शून्य. मला तेव्हाच पटलं नव्हतं. गॅस एवढा कमी असता तर पळताना तरी ८ अंश कुठून आले असते?

काल एसी लावून बॉनेट उघडून उभा राहिलो. कॉम्प्रेसरचा क्लच (गॅस दाबणाऱ्या पंपाला इंजिनशी जोडणारा) टक्‌ करून लागतो, जरा वेळाने सुटतो, परत लागतो. रेडिएटरजवळचा पंखा मात्र ढिम्म. कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बादलीभर पाणी ओतलं तर मिनिटभरात झोत गार! म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीये.

गंमत पुढे आहे. एसी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवलं, तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला आणि तोच पंखा भर्रकन सुटला. मोटर जिवंत आहे तर! फ्यूज शाबूत. पंख्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला (दोन्हींवर नंबर एकच), तरी तेच. कूलंट बरोबर, हीटरही छान तापतो.

आता संशय कुणावर घेऊ? प्रेशर स्विच (गॅसच्या दाबावर चालणारा)? पंखा थेट बॅटरीला जोडून बघू का?

प्रतिसाद १
पंख्याला दोन वेग असतील तर आधी रेझिस्टर (वीज अडवून पंखा मंद करणारा भाग) बघा. एसीला पंखा त्याच्यातून मंद फिरतो, इंजिन तापलं की थेट पूर्ण वेगात. बहुतेकदा पंख्याच्या चौकटीवरच असतो. गाडी बंद करून काढा, मल्टिमीटर लावा. एक ओहमच्या आतबाहेर काहीतरी दाखवायला हवं. सर्किट तुटलेलं दाखवलं तर गेला. बॅटरीला जोडाल तर मधे फ्यूज टाका आणि बोटं लांब ठेवा.
गॅस वजन करून भरला होता का? जास्त झाला तरी दाब वाढून क्लच असाच सुटतो. किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं.

धागाकर्ता
वजनकाटा कुठला, नुसत्या दाबाच्या गेजवर भरला! रेझिस्टर सापडला, आतली तार जळून तुटलीय. नवा घेताना पार्ट नंबर जुळला की पुरे, की ओहमही मोजून घेऊ?