'उदोउदो' म्हणजे कौतुक की टोमणा?

प्रश्न
निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्काराच्या बातमीत 'उपस्थितांनी सरांचा उदोउदो केला' हे वाक्य चालेल का? अर्थ जयजयकार असाच आहे ना? आणि हा शब्द ऊद जाळण्यावरून आलाय का?

प्रतिसाद १
वाक्य काढाच, सर दुखावतील. मूळ अर्थ जयघोषच, पण माणसाच्या बाबतीत आता 'लायकीपेक्षा जास्त' ही छटा चिकटली आहे. 'एक अर्धशतक काय ठोकलं, केवढा उदोउदो!' यात बोलणाऱ्याने मुरडलेलं नाक दिसतंच. देवीच्या बाबतीत मात्र तसं काही नाही. तुळजापूरचा 'आई राजा उदो उदो' हा निखळ जयघोष आहे.

उदाचा संबंध नाही. 'ऊद' अरबीतून आला, त्याचं सामान्यरूप 'उदा-' होतं; शेवटचा 'ओ' त्यातून निघत नाही. 'उदो' हे संस्कृत 'उदय'चं रूप, म्हणजे देवीचा उदय असो, उत्कर्ष असो. गोंधळात 'उदे'ही म्हणतात, त्यात 'उदय' अजून स्पष्ट ऐकू येतो.

प्रतिसाद २
लिहिताना: घोषणा असेल तर 'उदो उदो' तोडून, नाम असेल तर 'उदोउदो' जोडून. दोन्ही 'उ' ऱ्हस्व. शब्द पुल्लिंगी, आणि ज्याची स्तुती त्याला 'चा' लागतो. 'नेत्याला उदोउदो केला' चूक, 'नेत्याचा' हवं. विभक्ती लागताना रूप बदलत नाही: उदोउदोमुळे, उदोउदोला.

प्रतिसाद ३
टोमण्याची छटा आली कुठून, तर देवीचा घोष माणसाला लावल्यामुळे. माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की ऐकणारा हसतोच. गंमत म्हणजे खंडोबाचा 'येळकोट' आणि जोतिबाचं 'चांगभलं' असे माणसांच्या स्तुतीसाठी रुळले नाहीत.

सत्काराला 'शाबासकी'ही नको. फारसी 'शाद बाश', म्हणजे 'खूश राहा', यावरून 'शाबास' आला. मराठीत तो मोठ्याने लहानाला द्यायचा असतो. विद्यार्थ्यांनी सरांना शाबासकी देणं विचित्रच.

प्रश्नकर्ता
मग 'सरांची वाहवा केली'?

प्रतिसाद १
'वाहवा' गाण्याला, शेराला, फटक्याला. समोर घडलेल्या करामतीला. पस्तीस वर्षांच्या नोकरीला 'गौरव केला' हेच बरं.