चर्चा: घरात कुत्र्याचं पिल्लू आलं तर कोंडायचं कुणाला, पिल्लाला की मांजरांना?

सोप्यावरून (शिवाजी पेठ)

गेल्या रविवारी धाकट्या दिरानं कागलकडून पिल्लू आणलं. अडीच महिन्यांचं आहे, आई कारवानी जातीची, बापाचा पत्ता नाही. नाव ठेवलंय बाण्या. घरात आधीपासून दोन मांजरं आहेत. ठकी ११ वर्षांची, आणि परड्यातून येता येता घरचाच झालेला बोका गबऱ्या, तो ४ वर्षांचा.

पिल्लू उंबऱ्यातून आत आलं तेव्हा ठकी देवघरापाशी बसली होती. शेपटी केरसुणीएवढी फुगली, पण ती पळाली नाही. पोट फरशीला लावून, नजर न हलवता मागं मागं सरकत गेली आणि माजघराच्या दाराआड गेल्यावर मगच जिन्यानं माळ्यावर चढली. रात्री दहापर्यंत खाली आली नाही. बोंबलाचं डोकं वास येईल असं जिन्यात ठेवलं, तेही सकाळी तसंच होतं.

तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतोय: मांजरांना आठ दिवस खोलीत बंद करा, पिल्लाला घर बघू दे, मग हळूहळू दार उघडा.

मला हे उलटं वाटतं. मांजर घर ओळखतं ते वासानं. ठकी रोज दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, तांदळाच्या डब्याच्या कोपऱ्याला गाल घासत फिरते. ती तिची खूण असते, हे घर माझं आहे अशी. तिला आठ दिवस कोंडून पिल्लाला मोकळं सोडलं, तर ते त्या प्रत्येक कोपऱ्यावर मुतणार, लाळ गाळणार, सगळं चाटून ठेवणार. नवव्या दिवशी ठकी बाहेर येईल ती परक्याच्या घरात. ११ वर्षं ती इथं राहिली, आणि खोली तिलाच?

म्हणून मी पिल्लाला सोप्यात ठेवलंय. सोप्याच्या आणि माजघराच्या मधल्या दारात तीन फुटी फळी आडवी लावली. मांजर ती सहज ओलांडतं, पिल्लाला जमत नाही. पहिले तीन दिवस फळीच्या वर जुनी चादर टांगली होती, म्हणजे नुसता वास आणि आवाज. पिल्लाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं ठकीच्या ताटलीपासून चार हात लांब ठेवते आणि रोज थोडं जवळ सरकवते. तिच्या अंगावरचं फडकं पिल्लाच्या गोणपाटाखाली घातलंय. मांजरांचं जेवण आता जिन्याच्या वरच्या पायरीवर असतं. वाळूचे ट्रे माडीवर नेले, आणि दोनाचे तीन केले.

माझं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

दूधकट्टा (गंगावेस)

ताई, राग मानू नका, पण एवढं काय करायचं त्यात? आमच्या घरात लहानपणापासून म्हस, कुत्रं, मांजरं, कोंबड्या सगळं एका अंगणात. नवीन कुत्रं आलं की मांजरं दोन दिवस फिसकारायची. तिसऱ्या दिवशी कुत्रं जवळ गेलं की एक पंजा नाकावर बसायचा. विषय संपला. कुत्र्याला जन्मभर लक्षात राहायचं. जनावराची भाषा जनावराला कळते, माणसानं मधी पडलं की गोंधळ होतो. फळ्या नि चादरी लावून तुम्हीच त्यांना सांगताय की पलीकडं काहीतरी भयंकर हाय.

सोप्यावरून

दादा, राग कसला. पण तुमचं अंगण होतं. तिथं मांजराला झाड होतं, गोठ्याचं पत्रं होतं, पळायला चारी बाजू मोकळ्या. आमच्याकडं पावसात परडं म्हणजे चिखल, दोन्ही मांजरं दिवसभर आतच असतात.

आणि पंजा नेहमी नाकावरच बसतो असं नाही. पिल्लाचं तोंड मांजराच्या तोंडाच्या उंचीला असतं, डोळे पुढं आलेले. नख बुबुळावर लागलं तर डोळा जायची वेळ येते. फिसकारणं चालेल, त्याला मी कधीच रागावत नाही. ‘लांब राहा’ हे मांजर दुसरं कसं सांगणार? पण पंजा मारायची वेळ तिच्यावर आली, तर चूक माझी, मी तिथवर येऊ दिलं म्हणून.

आठवी गल्ली (राजारामपुरी)

मी तुमच्या विरुद्ध बाजूचा आहे, आणि कारण सांगतो.

कुत्र्याच्या पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात घडतं. त्या काळात जे जवळून, शांतपणे बघायला मिळतं ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. त्यानंतर नवी गोष्ट दिसली की आधी संशय येतो. तुमचा बाण्या अडीच महिन्यांचा, म्हणजे त्यातले तीन-चार आठवडेच उरलेत. हे सोन्यासारखे दिवस तुम्ही त्याला फळीआड घालवायला लावताय. फळीच्या वरून अधूनमधून एक शेपटी जाताना दिसणार, आणि शेपटी पळणारीच दिसणार. कारवानीचं रक्त आहे ना? ही जात नजरेनं शिकार करणारी, सशामागं धावायला जोपासलेली. पळणारी वस्तू दिसली की आधी पाय हलतात, डोकं नंतर. अशा पिल्लाला मांजर लांबून, पळताना दाखवणं हे सगळ्यात वाईट.

दुसरं म्हणजे, खोली ही मांजराला शिक्षा असते हे तुम्ही गृहीत धरलंय. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. माळा नाही, जिना नाही. आमच्या मांजरीला बेडरूम दिली. तिचा ट्रे, पाणी, खिडकी, माझी उशी, सगळं आत. ती तिथं बारा दिवस आरामात झोपली. भ्यालेलं मांजर तसंही एक कोपरा धरून बसतं, तो कोपरा आपणच नीट करून दिला तर बिघडलं काय? आणि दोन महिन्यांचं पोर आईपासून तोडून आणलेलं असतं, त्याला रात्री सोप्यात एकटं रडत ठेवणं हाही अन्यायच आहे. त्याच्याबद्दल तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ नाही.

सोप्यावरून

शेवटचं वाक्य लागलं. बरोबर आहे, लिहायला हवं होतं. बाण्या एकटा नसतो. पहिल्याच रात्री तो रडायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मी झोपतो त्याच्यापाशी, तू जा वर.” तेव्हापासून त्यांचं अंथरूण सोप्यातच आहे आणि एक हात खाटेखाली असतो. दिवसाही तिथं कुणी ना कुणी असतं. अठरा-वीस तास तर तो झोपतोच.

पळणाऱ्या शेपटीचा मुद्दा मात्र मी मानते, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. आजपासून संध्याकाळी जेवल्यावर, पोट भरून तो सुस्त असताना, दिरानं त्याला गळपट्टा-दोरी लावून मांडीशी घेऊन बसायचं आणि मी माजघरात ठकीपाशी. फळी मधे, चादर काढलेली. त्यानं मांजराकडं बघून पुन्हा दिराकडं बघितलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. टक लावून बघत राहिला की अंतर वाढवायचं. पाच मिनिटं, जास्त नाही.

पण खोलीबद्दल माझं मत तेच आहे. तुमच्याकडं उंच जागा नव्हती म्हणून खोली द्यावी लागली, ते समजू शकते. तरी त्या बारा दिवसांत बाहेरचं घर पिल्लाच्या नावावर झालंच ना? मांजरीला बेडरूममधून बाहेर यायला नंतर किती दिवस लागले?

आठवी गल्ली

दीड महिना. हॉलमधल्या सोफ्यावर ती अजून बसत नाही, पूर्वी बसायची. पण पिल्लू मात्र तिच्या मागं कधी लागलं नाही.

प्रयाग चिखली

२०१९ च्या पुरात आम्ही सहा दिवस माडीवर होतो. आम्ही नऊ माणसं, दोन शेळ्या, शेजारचं मोठं कुत्रं आणि आमची तीन मांजरं, सगळी एका खोलीत. ना कुणी फिसकारलं, ना कुणी भुंकलं. कुत्र्यापासून हातभर अंतरावर मांजर बसलेलं मी स्वतः बघितलंय. म्हणून माझं मत दूधकट्टावाल्या दादांच्या बाजूनं. एकत्र राहायची वेळ आली की जनावरं आपोआप समजून घेतात.

मांजरवाली मावशी (कसबा बावडा)

चिखलीकरांनो, तुमच्या त्या दिवसांबद्दल काही बोलायची माझी योग्यता नाही. पण ते मांजर समजून घेऊन बसलं नव्हतं. पळायला वाट नसली की मांजर दगडासारखं होतं. पाय पोटाखाली, कान आडवे, डोळे मोठे. आपल्याला ते शांत दिसतं. पाणी उतरल्यावर ती तिघं कुत्र्याजवळ पुन्हा बसली का, ते आठवून बघा. शांत मांजर एका कुशीवर लवंडतं, कुत्र्याकडं पाठ करतं, अंग चाटायला घेतं. ते दिसेपर्यंत काही जमलं असं समजू नये.

सोप्यावरच्या ताई, माझ्याकडं चौदा वर्षांपासून मांजरं आहेत, सध्या सहा. मी तुमच्या बाजूची आहे. पण वासाफासाच्या आधी तीन गोष्टी बघा, कारण मी एक बोका थोडक्यात वाचवलाय.

आमच्याकडं पिल्लू आलं त्याच आठवड्यात बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. मला वाटलं पोट साफ होत नाही, म्हणून तूप चाटवलं. दुसऱ्या दिवशी ओकला आणि पोटाला हात लावला की ओरडला. दवाखान्यात नेल्यावर कळलं, लघवी तुंबलीय. नळी घालून काढली. ताणानं मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची नळी इतकी अरुंद की तिथंच अडकतं. एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो. तुमच्या गबऱ्याचा ट्रे रोज बघा. ओला गोळा दिसला नाही तर सकाळची वाट बघू नका.

ठकीच्या खाण्याकडंही लक्ष ठेवा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते, जाड मांजराला धोका जास्त. भूक लागली की येईल खाली, हे कुत्र्याला लागू पडतं, मांजराला नाही.

आणि तिसरी गोष्ट, ती लोकांना माहीतच नसते. पावसाळ्यात पिल्लाला गोचीड-पिसवा होणार, आणि मानेवर टाकायचे थेंब नाहीतर पावडर कुणीतरी आणून देणार. त्यावर पर्मेथ्रिन लिहिलेलं असेल तर घरात आणूच नका. कुत्र्याला ते चालतं, मांजराचं यकृत ते फोडू शकत नाही. नुसतं कुत्र्याच्या अंगाला घासून झोपलं किंवा त्याला चाटलं तरी थरथर, झटके, मृत्यू. तुम्ही ज्या मैत्रीची वाट बघताय, तीच तेव्हा जिवावर येईल.

पिल्लाच्या लसी चालू असतीलच. तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची द्या, आणि मांजरांनाही द्या. मांजरांची लोक विसरतात.

दूधकट्टा

मावशी, हे पावडरीचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या गोठ्यात दर पावसाळ्यात फवारणी हुते. दोन वर्षांपूर्वी एक मांजर झटके येऊन गेलं, आम्ही समजलो उंदराचं औषध खाल्लं. डबा बघतो आज.

पंजाबद्दल मात्र माझं मत हाय तेच हाय.

रंकाळ्याकाठी

तुम्ही सगळे कोंडायचं कुणाला यावर बोलताय. मला वाटतं, पिल्लू आणायलाच नको होतं.

आमची सोनी १३ वर्षांची होती. २०२१ च्या दिवाळीत मुलाच्या हट्टापायी पिल्लू घेतलं. आम्ही काहीच केलं नाही, ना फळी ना फडकं. सोनी तीन दिवस शेजारच्या पत्र्यावर बसून आमच्या खिडकीकडं बघत होती. हाक मारली की शेपटीचं टोक हलायचं, पण यायची नाही. चौथ्या दिवशी पत्रा रिकामा होता. अख्खा पेठभाग पालथा घातला. वर्षभर तिची वाटी त्या पत्र्यावर ठेवत होतो.

पिल्लू चांगलं निघालं, आजही आहे, जीव आहे त्याच्यावर. पण म्हाताऱ्या मांजरानं आपलं सगळं आयुष्य एका घराला दिलेलं असतं, त्याला उतारवयात परीक्षेला बसवू नये. ताई, अजून आठवडाच झालाय. कागलला परत देता येईल.

सोप्यावरून

तुमचं वाचून मी जिन्यात जाऊन ठकीपाशी बसले. उत्तर द्यायला दोन दिवस लागले ते म्हणूनच.

परत द्यायचा विचार केला नाही असं नाही. दिराशी बोलले. ठरलं ते असं: गणपती उठेपर्यंत ठकी स्वतःहून खाली येऊन, आपल्या जुन्या जागी, देवघरापाशी बसली नाही, तर बाण्या कागलला जाईल. दीर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. पण त्यानं ते मान्य केलंय. पिल्लाला दुसरं घर मिळेल, ठकीला या वयात मिळणार नाही.

तोवर परड्याचं दार बंद. गबऱ्या ओरडतोय, पण ठकी सोनीसारखी पत्र्यावर जाऊ नये एवढंच मी बघतेय.

सोप्यावरून (१९ वा दिवस)

विचारलं होतं काहींनी, म्हणून लिहिते.

गबऱ्याचा प्रश्न सुटलाय. सहाव्या दिवशीच तो फळीवर चढून बसला, आणि बाण्या खाली बसून वर बघत राहिला. ट्रे रोज बघते, ओला असतो.

ठकीला वेळ लागतोय. खाते नीट, वजन कमी झालेलं नाही, पण जेवण अजून जिन्यातच. पहिल्या आठवड्यात सगळ्यात वरची पायरी, मग एकेक खाली. काल संध्याकाळी ती खालून चौथ्या पायरीवर होती. बाण्या दिराच्या मांडीवर, दोरी सैल. त्यानं तिला बघितलं, कान उभे केले, मग तुकड्यासाठी दिराच्या हाताकडं वळला. ठकीनं त्याच्याकडं बघत डोळे हळूहळू मिटले, पुन्हा उघडले, आणि पुढचा पंजा चाटायला घेतला. मावशी, तुम्ही म्हणाला होता तसं, अंग चाटायला घेतलं. सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून बघत होत्या.

मग बाहेर कुकरची शिट्टी झाली आणि ती वर गेली. पळत नाही, चालत गेली.

फळी काढायची घाई करू नका असं दोघांनी फोनवर सांगितलं. काढणार नाही. गौरी-गणपतीला घरात पंचवीस माणसं असतील, लहान मुलं, ढोल-ताशा. त्या पाच-सात दिवसांत बाण्या सोप्यात दोरीला, ठकी माडीवर, आणि माडीच्या दाराला आतून कडी. त्यानंतर चौथ्या पायरीवरून पुन्हा सुरू.