रेगेन्सबुर्ग: क्रूझच्या थांब्यात अर्धा दिवस, आईसोबत. काय पाहावं?

धागाकर्ती: पुढच्या महिन्यात जर्मनीत डॅन्यूब नदीवर क्रूझ आहे, पासाउहून न्यूरेनबर्गकडे. रेगेन्सबुर्गला सकाळचा अर्धा दिवस मिळेल. क्रूझवाले वेगळे पैसे घेऊन वालहालाला नेतात. सोबत आई आहे, सत्तरीची, गुडघे दुखतात. दोघी शाकाहारी. सहल घ्यावी की गावातच फिरावं?

प्रतिसाद १: गावातच फिरा, ताई. वालहाला हे टेकडीवरचं ग्रीक धाटणीचं स्मारक, १८४२ साली खुलं झालेलं. पासाउकडून येताना दिवसाउजेडी असलात तर ते उजव्या हाताला डेकवरूनच दिसेल.

जुनं गाव छोटंसं आहे, पण फरसबंदी खडबडीत आहे, आईंना जाड तळव्याचे बूट हवेत. आधी दगडी पूल. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला, आता मोटारींना बंद. मध्यावर उभं राहून खाली बघा: कमानींच्या बुंध्यांशी पाणी अडतं आणि पलीकडे भोवरे धरत, पांढरं होऊन पळतं. मागे वळलात की कॅथेड्रलचे दोन मनोरे. आत प्रवेश मोफत, रंगीत काचा मध्ययुगीन, आणि आईंना बसायला बाकं. रविवार असेल तर मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, डोमश्पात्सेन गायकवृंद बहुधा असतो, सुट्ट्या सोडून. तो मुळीच चुकवू नका.

प्रतिसाद २: नॉयफारप्लात्स या चौकात जरूर जा. १५१९ साली इथल्या ज्यूंना हाकलून त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, पाडलं. त्या जागी शिल्पकार दानी काराव्हान यांनी पांढऱ्या काँक्रीटमध्ये सिनेगॉगचा आराखडा उभारलाय. लोक त्यावर बसतात, पोरं खेळतात. मला ते स्मारक फार मोलाचं वाटतं.

खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं घरही जवळच आहे. थकलेले पैसे मागायला तो १६३० साली इथे आला आणि इथेच वारला. त्याची कबर तीस वर्षांच्या युद्धात नाहीशी झाली. जुन्या टाउन हॉलमधलं राइखस्टागचं (जुन्या साम्राज्याच्या सभेचं) दालन फक्त गाइडसोबत बघता येतं, त्यामुळे वेळ जुळली तरच.

धागाकर्ती: खूप आभार! आणि खायचं काय? पुलापाशी ते प्रसिद्ध सॉसेजवालं आहे म्हणे.

प्रतिसाद १: तिथे डुकराचं मांस, तुमच्या कामाचं नाही. केझेश्पेट्सले मागवा, चीज आणि तळलेला कांदा घातलेला शेवयांसारखा प्रकार. त्यात अंडं असतं, चालतं का बघा. नाहीतर ब्रेत्सेल घ्या. बटाट्याचं सॅलड मात्र विचारूनच, इकडे ते बरेचदा मांसाच्या रश्शात कालवतात. 'ओहने फ्लाइश' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, 'ओहने फ्लाइशब्र्यूए' (मांसाच्या रश्शाशिवाय) असंही विचारा.