मदत हवी आहे: पावसाळ्यात खाजणातल्या आडोशाची खिडकी कोणत्या दिशेला ठेवावी?

नमस्कार. अलिबाग तालुक्यातील एका खाजणाच्या (भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या जमिनीच्या) बांधावर आम्ही दोघा भावांनी मे महिन्यात पक्षी पाहण्यासाठी बांबू आणि नारळाच्या झापांचा आडोसा उभा केला. समोर जुने मिठागर आहे. ओहोटीला खाडीच्या चिखलात पांगलेले रेडशँक, सँड प्लोव्हर आणि कर्ल्यू हे स्थलांतरित पाणपक्षी पाणी चढू लागले की मिठागराच्या मोडक्या बांधांवर येऊन विसावतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल पूर्ण बुडत असल्यामुळे ते सर्वांत जवळ येतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत मात्र आमच्या वाट्याला ढोकऱ्याच (छोटे बगळे) उरतात.

उत्तरेकडून परतणारे हे पक्षी ऑगस्टपासूनच दिसू लागतात, त्यामुळे पाऊस थांबण्याची वाट पाहिली तर सँड प्लोव्हरच्या छातीवरचा उरलासुरला विटकरी रंग पाहायचा राहून जातो. आमची खिडकी पश्चिमेला आहे आणि नैर्ऋत्येचा वारा पावसाची सर थेट आत आणतो. गेल्या रविवारी, ऐन भरतीच्या वेळी, एका पायावर उभ्या असलेल्या रेडशँकच्या चोचीवरून ओघळणारा थेंबसुद्धा दिसत होता. तेवढ्यात सर आली आणि भिंगे पुसेपर्यंत थवा उठून गेला होता.

आडोसा पक्ष्यांच्या नैर्ऋत्येला हलवून खिडकी ईशान्येकडे करावी, असे भावाचे म्हणणे आहे. पाऊस मग पाठीवर येईल, हे खरे. पण विसावलेले पक्षी वाऱ्याकडे, म्हणजे आमच्याचकडे, तोंड करून उभे राहतील. त्यांची छाती छान दिसेल, परंतु चोचीची लांबी बाजूने दिसणार नाही, आणि लहान व मोठा सँड प्लोव्हर वेगळे ओळखायला नेमकी तीच लागते. (लहानाच्या आता दोन जाती मानतात, ते प्रकरण इथे नको.) पायांच्या रंगाचा आधार घ्यावा, तर पाय चिखलाने माखलेले असतात.

म्हणून वाऱ्याला आडवी, म्हणजे आग्नेयेकडे, खिडकी ठेवावी असे मला वाटते. असा प्रयोग कोणी केला असल्यास पाऊस बाजूने कितपत आत येतो, आणि पागोळ्या नजरेच्या आड येऊ नयेत म्हणून छपराची वळचण किती पुढे काढावी लागते, हे कृपया सांगावे. ताडपत्री लावून पाहिली आहे. ती वाऱ्याने फडफडते आणि पक्षी बुजतात. गोणपाट आवाज करत नाही, पण भिजून इतके जड होते की बांबू वाकतात.

दुर्बीण ८×४२ची, नायट्रोजन भरलेली आहे, त्यामुळे आतून धुके धरत नाही. डोळ्याकडची भिंगे मात्र आमच्याच श्वासाने धुरकटतात. यावर काही उपाय आहे का?

पुढच्या उधाणाआधी, भांगाच्या दिवसांत, आडोसा हलवायचा आहे. त्यापूर्वी उत्तर मिळाल्यास बांबूंसाठी खड्डे एकदाच खणावे लागतील.