तुरटीच्या डोसिंग पंपाला प्रवाहाचा सिग्नल जोडला, तरी रात्री मात्रा जास्त का पडते?

प्रश्न : पर्यवेक्षक, नगरपरिषद जलशुद्धीकरण केंद्र

नमस्कार. आमचे केंद्र ६ एमएलडी (दिवसाला ६० लाख लिटर) क्षमतेचे आहे. दिवसा कच्च्या पाण्याचे दोन पंप चालतात तेव्हा आवक ताशी २५० घनमीटर असते आणि रात्री एकच पंप ठेवल्यावर ती १४० वर येते. पूर्वी प्रत्येक वेळी ऑपरेटर डोसिंग पंपाचा नॉब हाताने फिरवत असे, आणि पहाटे दुसरा पंप सुरू करताना तो विसरला की सकाळभर गढूळ पाणी फिल्टर बेडवर यायचे. म्हणून गेल्या महिन्यात ठेकेदाराकडून ६ इंची पार्शल फ्ल्यूमवर (प्रवाह मोजण्यासाठीची, मध्ये अरुंद होणारी उघडी नाली) अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवून घेतला आणि त्याचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल (४ म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण) पंपाच्या व्हीएफडीला, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राला, जोडला.

जार टेस्टनुसार (पाण्याच्या नमुन्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहण्याची चाचणी) तुरटीची मात्रा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे आणि द्रावण १० टक्क्यांचे, म्हणजे लिटरमागे १०० ग्रॅम तुरटीचे. त्या हिशेबाने दिवसा ताशी ७५ लिटर द्रावण जायला हवे, आणि मोजनळी लावून पाहिले तर तेवढेच जाते. रात्री मात्र ४२ लिटर अपेक्षित असताना ५२ लिटर जाते व पाण्याचा सामूही (पीएच) उतरतो. ठेकेदार पंपाला दोष देतो. पंप बदलावा काय?

उत्तर : इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता

पंप बदलू नका, तो सांगितलेले काम चोख करत आहे. तुमचा सेन्सर बहुधा प्रवाह नव्हे, तर पाण्याची उंची पाठवत आहे. पार्शल फ्ल्यूममध्ये प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ६ इंची फ्ल्यूममध्ये तो उंचीच्या १.५८ व्या घाताप्रमाणे बदलतो. ताशी २५० घनमीटरला उंची सुमारे ३४ सेंटिमीटर येते आणि १४० घनमीटरला सुमारे २३.६, म्हणजे प्रवाह ५६ टक्क्यांवर उतरला तरी उंची ६९ टक्क्यांवरच थांबते. आता ७५ लिटरचे ६९ टक्के काढून पाहा, तुमचे ५२ लिटर तिथेच सापडतील. रात्री पाण्याला ३० ऐवजी ३७ मिलिग्रॅम तुरटी मिळत आहे.

खात्री करायला पाच मिनिटे पुरतात. रात्री एकच पंप चालू असताना सिग्नलच्या तारेत मल्टिमीटर मालिकेत जोडा. २५० घनमीटरला २० मिलिअँपिअर बसवले असतील, तर प्रवाहाचा सिग्नल १३ च्या आसपास दिसेल आणि उंचीचा १५ च्या थोडा वर. १५ दिसल्यास ट्रान्समीटरच्या मेनूमध्ये लेव्हलऐवजी ओपन चॅनल फ्लो निवडून फ्ल्यूमचे माप भरा. फ्ल्यूम कोरडा असताना शून्य तपासणेही विसरू नका.

उत्तर : निवृत्त केमिस्ट

वरील निदान मला पटते, पण एक सावधगिरी सांगतो. प्रवाहाचा सिग्नल किती पाणी आले एवढेच सांगतो, ते किती गढूळ आहे हे त्याला कळत नाही. जूनमध्ये नदीला पहिला लोंढा आला की ३० ची मात्रा कुठल्या कुठे जाते. तेव्हा जार टेस्ट करून नवी मात्रा स्ट्रोकच्या (पंपाच्या दर फटक्याला किती द्रावण जावे ते ठरवणाऱ्या) नॉबने बसवावी आणि पंपाचा वेग सिग्नलवर सोडावा. दोन्ही कामे एकाच नॉबवर ठेवली की शिफ्ट बदलताना घोळ होतो. याशिवाय तार तुटून सिग्नल ४ मिलिअँपिअरच्या खाली गेल्यास व्हीएफडीने काय करावे, हे आजच ठरवून ठेवा. मी असतो तर शेवटचा वेग कायम ठेवून भोंगा वाजेल अशी व्यवस्था केली असती, आणि कच्च्या पाण्याचे सर्व पंप बंद झाले की डोसिंगही बंद होईल असा इंटरलॉक घातला असता.

प्रश्नकर्ता

काल रात्री मीटरवर १५.१ दिसले. सेटिंग बदलल्यावर मोजनळीत ताशी ४२ लिटरच्या आसपास आकडा आला. दोघांचे मनापासून आभार. हाच सिग्नल हायपोक्लोराइटच्या (क्लोरीन देणारे द्रावण) पंपालाही दिला तर चालेल काय?

उत्तर : इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता

शक्यतो देऊ नका. फ्ल्यूममधले पाणी क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) ओलांडून क्लोरीनच्या जागी पोहोचेपर्यंत काही तास जातात, आणि बॅकवॉशच्या (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याच्या) वेळी तर फिल्टरमागचा प्रवाह वेगळाच असतो. फिल्टर झालेल्या पाण्याच्या पाइपवर वेगळा विद्युतचुंबकीय फ्लोमीटर बसवून त्याच्या सिग्नलवर हायपोचा पंप चालवा. शेष क्लोरीनचा ॲनालायझर पुढे कधी घेतलात, तर त्याला थोडी दुरुस्ती करण्यापुरताच अधिकार द्या आणि नमुना डोसच्या जागेपासून काही मिनिटांच्या अंतरावर, पाणी नीट मिसळल्यानंतर घ्या. शुद्ध पाण्याच्या टाकीनंतरच्या नमुन्यावर पंप चालवलात, तर बदल कळायला तास-दोन तास लागतील, आणि तोवर पंप आधी भरमसाट व मग अगदीच कमी डोस देत राहील. हायपो उन्हाळ्यात साठवणीतच उतरते, त्यामुळे द्रावणाची ताकद दर आठवड्याला तपासून हिशेबातला आकडा बदलावा लागेल.