नोकरी सांभाळून लेखन: आपले अनुभव

रेखांश
गेल्या आठवड्यात कार्यालय हलवताना जुन्या नकाशांच्या गुंडाळीत तुळईच्या तपशिलाशेजारी पेन्सिलीने लिहिलेल्या माझ्याच चार ओळी सापडल्या. मी स्ट्रक्चरल अभियंता आहे. स्लॅब भरायच्या रात्री काँक्रीटची गाडी घोडबंदर रस्त्यावर अडकली, की साइटवर हात बांधून उभे राहण्याखेरीज काम नसे आणि तेव्हाच कविता सुचत. लिहिणारे आणखी कोण आहेत आणि ते वेळ कुठून काढतात?

ताळेबंद
मी सनदी लेखापाल आहे. दिवाळी अंकांचे संपादक कथेसाठी पाठपुरावा करू लागतात, तेव्हा आमच्याकडे लेखापरीक्षणाचा हंगाम भरात आलेला असतो आणि ३० सप्टेंबरच्या मुदतीपुढे कुणाचेच काही चालत नाही. म्हणून मी कथा मे महिन्यातच लिहून ठेवते. कार्यालय भायखळ्याला असूनही संध्याकाळी आधी उलटी, लोकल जिथून सुटते त्या सीएसएमटीला जाते, महिलांच्या डब्यात खिडकी धरते आणि मोबाइलवर लिहू लागते. तिघींच्या बाकावर चौथी सीट भरली की कोपर हलत नाही आणि पात्रांचे संवाद आपोआप आखूड होतात.

जुना वाचक
डॉ. जयंत नारळीकर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने उतरले आणि पहिले आले. आपल्या नावाच्या वजनाने निकाल झुकू नये, हा त्यांचा हेतू. बँकेत असताना मीही टोपणनाव घेतले होते, पण कविता करणाऱ्याची रोकड जुळत नाही, अशी आमच्या व्यवस्थापकांची ठाम समजूत होती म्हणून. निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे, लेखन मात्र निम्म्यावर आले आहे.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बायॉप्सीच्या अहवालात पेशींचा आकार, रंग आणि मांडणी एवढेच लिहायचे असते, आणि त्या सवयीमुळे कथेतही विशेषण लिहिताना माझा हात थबकतो. समीक्षक त्याला संयम म्हणतात. मला तो धंद्याचा दोष वाटतो. ताळेबंद, चौथ्या सीटवरच्या बाई तुमच्या मोबाइलमध्ये डोकावत नाहीत का?

ताळेबंद
डोकावतात तर! एका काकूंनी मुलुंडला उतरता उतरता, “त्या सुनेला माहेरी पाठवू नकोस गं,” असे बजावले. मी पाठवली नाही. संपादकांनी मात्र शेवट बदलून मागितला आहे.